मानेतली नस आणि रत्नागिरीचं इस्पितळ

१८८६ सालच्या एप्रिल महिन्यात इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला रत्नागिरीत आणून ठेवलं. रेल्वे नाही, घाटरस्ता बिकट, पावसाळ्यात बोटी बंद. मंडालेपासून लांब आणि मुंबईपासूनही तुटलेलं हे गाव बंदिवान राजासाठी सरकारला सोयीचं वाटलं. थिबाची हकिगत कोकणात आजही सांगितली जाते. १९१० मध्ये बांधून झालेला त्याचा राजवाडा लोक आवर्जून पाहायला येतात. पण त्याच १८८६ साली सरकारने रत्नागिरीत आणखी एक संस्था उघडली होती आणि तिच्याबद्दल कुणी आपणहून बोलत नाही. ती म्हणजे वेड्यांचं इस्पितळ, आजचं प्रादेशिक मनोरुग्णालय.

त्याच दशकात तिकडे न्यूयॉर्कमध्ये जेम्स लिओनार्ड कॉर्निंग नावाचा तरुण डॉक्टर फेफऱ्याच्या रोग्यांच्या मानेवर प्रयोग करत होता. मेंदूकडे रक्ताचा लोंढा गेला की झटका येतो, अशी तेव्हाची समजूत होती. म्हणून कॉर्निंगने मानेतल्या रोहिणीवर दाब देणारं चिमट्यासारखं साधन बनवलं आणि पुढे त्याला विजेची जोड दिली. रोहिणीला लागूनच एक लांबलचक नस जाते, व्हेगस. ती विजेने चेतवली तर हृदयाची गती मंदावेल आणि मेंदूकडचा रक्तप्रवाह आटोक्यात येईल, असा त्याचा हिशोब होता. रोग्यांना घेरी यायची, काही बेशुद्धही पडायचे. त्याने दावा केलेला गुण इतर डॉक्टरांना काही दिसला नाही आणि शतक संपता संपता हा उपाय अडगळीत गेला. मानेतल्या या नसेकडे वैद्यकशास्त्र पुन्हा वळलं ते जवळजवळ शंभर वर्षांनी, आणि मग मात्र तिची गाठ नैराश्याशी पडली.

मधल्या काळात रत्नागिरीच्या इस्पितळाच्या भिंतीआड काय घडत होतं, हे समजायला तेव्हाचे कायदे पुरेसे आहेत. १८५८चा कायदा आणि त्यानंतरचा १९१२चा इंडियन लुनसी ॲक्ट, दोन्हींचा रोख बंदोबस्तावर होता. माणूस धोकादायक आहे का, त्याला आत कुणाच्या हुकमाने घ्यायचं, त्याच्या मालमत्तेचं काय करायचं, हे प्रश्न कायद्याने बारकाईने सोडवले होते. दाखल करण्याचा हुकूम बहुधा मॅजिस्ट्रेट द्यायचा. उपचार म्हणजे राखण, शिस्त, काम आणि आहार. १९२२च्या सुमारास देशभरातल्या ‘असायलम’ पाट्या उतरल्या आणि ‘मेंटल हॉस्पिटल’ अशा पाट्या लागल्या, पण पाटीमागचा कारभार फारसा बदलला नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने देशाच्या आरोग्याचा ताळेबंद मांडला. तेव्हा अखंड हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी जेमतेम १०,००० खाटा होत्या आणि लोकसंख्या होती सुमारे ४० कोटी.

या व्यवस्थेत नैराश्याच्या रुग्णाला जागाच नव्हती. रत्नागिरीहून किनाऱ्याने उत्तरेला निघालं की काळबादेवी, आरे, वारे, नेवरे, मालगुंड अशी गावं लागतात. आज आरे-वारेच्या जुळ्या किनाऱ्यांवर गणपतीपुळ्याला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या थांबतात. तेव्हा ही खाडी-डोंगरांनी एकमेकांपासून तोडलेली वस्ती होती. अशा गावातून इस्पितळात पोचायचा तो आरडाओरडा करणारा, अंगावर धावून जाणारा, रस्त्यावर फिरणारा माणूस. घराच्या माजघरात भिंतीकडे तोंड करून महिनोन्‌महिने पडून राहिलेली सून, जाळं टाकायला जायचं सोडून दिलेला दर्यावर्दी, मुंबईच्या गिरणीतून परतून ओटीवर गप्प बसलेला चाकरमानी यांचा कुणाला उपद्रव नव्हता. त्यांच्यासाठी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलं जायचं, भगताकडून अंगारा यायचा, उतारा टाकला जायचा. घरच्यांची माया त्यात पुरेपूर होती. इलाज मात्र कुणाकडेच नव्हता, इस्पितळाकडेही नाही.

इलाज आला तो विजेच्या वाटेनेच, पण मानेतून नव्हे, थेट डोक्यातून. १९३४ मध्ये बुडापेस्टला लाडिस्लास मेडुना याने कापराचं इंजेक्शन देऊन मनोरुग्णांना मुद्दाम झटका आणायला सुरुवात केली. एप्रिल १९३८ मध्ये रोममध्ये उगो चेर्लेट्टी आणि लुचो बिनी यांनी तेच काम विजेने केलं. कत्तलखान्यात डुकरांना विजेचा धक्का देऊन लोळवतात आणि त्या धक्क्याने ती मरत नाहीत, हे चेर्लेट्टीने पाहिलं होतं. त्यांचा पहिला रुग्ण रोमच्या स्टेशनवर भरकटत असलेला, असंबद्ध बोलणारा माणूस होता. पहिला धक्का कमी पडला, तेव्हा पुन्हा देऊ नका असं तो स्पष्ट शब्दांत म्हणाला, अशी नोंद आहे. डॉक्टरांनी दुसरा धक्का दिला. रुग्ण सुधारला. या उपचाराचं यश आणि त्याचं मूळ पाप, दोन्ही त्या पहिल्याच दिवशी एका टेबलावर होतं: गुण आला, पण ज्याच्या डोक्यातून वीज गेली त्याच्या नकाराला कुणी किंमत दिली नाही.

पुढच्या काही वर्षांत शॉक ट्रीटमेंट जगभर पसरली आणि भारतातही आली. तीव्र नैराश्यात, विशेषतः रुग्णाने अन्नपाणी सोडलेलं असताना, ती झपाट्याने गुण देते हे आजही खरं आहे. पण भूल न देता, स्नायू सैल न करता दिलेल्या धक्क्याने दातखीळ बसायची, हाडं मोडायची, मणके दबायचे. १९५०च्या दशकात स्नायू सैल करणारं औषध हाती आलं आणि पाश्चात्त्य देशांत भूल देऊनच शॉक देण्याची रीत पडली. आपल्याकडे भूलतज्ज्ञ थोडे आणि पैसा त्याहून थोडा, म्हणून अनेक ठिकाणी ‘डायरेक्ट’ शॉक पुढची कित्येक दशकं चालू राहिला. हातपाय धरून ठेवायला चार-पाच माणसं, तोंडात कापडाचा बोळा आणि रांगेतला पुढचा रुग्ण हे सगळं पाहत उभा. मराठी घरांत ‘शॉक’ या शब्दाची जी धास्ती बसली ती याच रांगेतून आलेली आहे. सिनेमा-नाटकांनी ती फक्त वाढवली.

याच सुमारास औषधंही आली आणि त्यातल्या एका धाग्याचं टोक मुंबईत आहे. सर्पगंधा ही सह्याद्रीच्या रानातही सापडणारी वनस्पती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी तिचा रक्तदाबावरचा परिणाम तपासला आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं. तिच्यातून निघालेलं रिसर्पिन हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांचा रक्तदाब उतरला, पण मनही खचलं. दुसरीकडे न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू इस्पितळात क्षयासाठी आयप्रोनियाझिड घेणारे रुग्ण अकारण उल्हसित दिसू लागले. एक औषध मन पाडतं, दुसरं उचलतं, मग मेंदूतल्या कुठल्या तरी रसायनाचा याच्याशी संबंध असणार, असा तर्क निघाला. स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून यांना इमिप्रामिनचा गुण दिसला आणि १९५७ पासून नैराश्यावरच्या गोळ्यांचं युग सुरू झालं. माजघरातल्या त्या सुनेसाठी पहिल्यांदाच इस्पितळाबाहेर, चिठ्ठीवर लिहून देता येईल असं काहीतरी निघालं होतं.

गोळ्यांनी असंख्य माणसं बरी केली. सगळी नाही. अमेरिकेत सुमारे ४,००० रुग्णांवर झालेल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. पहिल्या औषधाने साधारण तिसरा हिस्सा रुग्णच पूर्ण बरे झाले होते. औषध बदलत, जोडत चार पायऱ्या चढल्यावरही बऱ्याच जणांची लक्षणं गेली नव्हती आणि प्रत्येक पायरीगणिक बरं होण्याची शक्यता घटत होती. पुरेशा डोसने, पुरेसे आठवडे घेतलेली दोन औषधं निकामी ठरली की डॉक्टर त्याला उपचारांना दाद न देणारं नैराश्य म्हणतात. कॉर्निंगची जुनी नस पुन्हा चर्चेत आली ती याच रुग्णांसाठी.

फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात जेकब झबारा यांनी १९८०च्या दशकात कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं, की व्हेगस नसेला ठरावीक लयीत विजेची स्पंदनं दिली तर फिट थांबते. कॉर्निंगचं तर्कशास्त्र चुकीचं होतं, जागा बरोबर होती. व्हेगस ही मेंदूतून निघून मानेतून छाती-पोटापर्यंत उतरणारी दहावी नस आहे. ती मेंदूचे हुकूम खाली नेते असं वाटतं खरं, पण तिच्यातले बहुसंख्य तंतू उलट दिशेने काम करतात. हृदय, फुप्फुसं, आतडी यांची खबर ते मेंदूच्या खोडाशी पोचवतात आणि तिथून मनःस्थिती, झोप, सावधपणा यांच्याशी निगडित केंद्रांकडे वाटा जातात. म्हणजे कवटीला हात न लावता मेंदूच्या आतल्या खोल्यांत जाण्याचं हे मागचं दार होतं.

नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या विन्स्टन-सालेमला डॉ. किफिन पेन्री आणि डॉ. विल्यम बेल यांनी पहिल्या माणसात हे यंत्र बसवलं. पेसमेकरसारखी चपटी डबी डाव्या छातीच्या वर, कातडीखाली. तिच्यातून निघालेली तार मानेत डाव्या व्हेगसभोवती गुंडाळलेली. डावीच निवडण्याचं कारण असं, की उजवीचा हृदयाच्या ठोक्यांवर अधिक थेट ताबा असतो. साधारणपणे दर ५ मिनिटांनी ३० सेकंद स्पंदनं जातात. तेवढा वेळ आवाज घोगरा होतो, कधी खोकला येतो, घशात आवळल्यासारखं वाटतं. भाषण करायचं किंवा गायचं असेल तर छातीवर चुंबक धरून यंत्र तात्पुरतं थांबवता येतं.

१९९७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, अपस्मारासाठी या यंत्राला परवानगी दिली. पण डॉक्टरांच्या कानावर एव्हाना वेगळंच काही येऊ लागलं होतं. ज्यांच्या फिट फारशा कमी झाल्या नाहीत असे काही रुग्णही सांगत होते, की मन हलकं वाटतं. क्षयाच्या इस्पितळात जे घडलं होतं तेच पुन्हा घडत होतं: इलाज एका आजारासाठी आणि फरक मनात. रुग्णाच्या अशा सहज बोलण्याकडे कान देणाऱ्या डॉक्टरांमुळेच या क्षेत्रातली पावलं पुढे पडली आहेत.

१९९८ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन इथे डॉ. मार्क जॉर्ज यांच्या गटाने निव्वळ नैराश्यासाठी यंत्र बसवायला सुरुवात केली. पहिल्या छोट्या अभ्यासात निकाल उमेद देणारे निघाले. मग खरी परीक्षा झाली. २३५ रुग्णांना यंत्र बसवलं, त्यातल्या निम्म्यांचं चालू केलं, निम्म्यांचं बंदच ठेवलं. कुणाचं चालू हे त्यांना सांगितलं नाही. दहा आठवड्यांनी मोजदाद झाली तेव्हा चालू यंत्रवाल्यांत सुमारे १५ टक्के सुधारले, बंद यंत्रवाल्यांत १० टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. वर्षभर उपचार चालू ठेवल्यावर मात्र सुधारलेल्यांचं प्रमाण वाढत गेलं आणि सुधारणा टिकूनही राहिली. पण वर्षभर कुणाला बंद यंत्र देऊन ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे तुलना करायला कुणी उरलं नव्हतं.

इथून पुढचा भाग क्लेशदायक आहे. तज्ज्ञांच्या समितीने २००४ मध्ये मंजुरीची शिफारस केली, एफडीएने आधी नकार कळवला आणि १५ जुलै २००५ रोजी होकार दिला. चार किंवा अधिक उपचार फसलेल्या, दीर्घकाळच्या नैराश्यासाठी ही परवानगी होती. २००६ मध्ये अमेरिकी सिनेटच्या अर्थ समितीने उघड केलं, की एफडीएमधल्या वीसहून अधिक शास्त्रज्ञांचा आणि अधिकाऱ्यांचा विरोध डावलून एका वरिष्ठाने तो होकार दिला होता. त्याच वर्षी एका नामांकित नियतकालिकात या यंत्राची भलामण करणारा लेख आला. लेखकांचे यंत्राच्या कंपनीशी असलेले आर्थिक संबंध त्यात सांगितलेच नव्हते, आणि मुख्य लेखक चार्ल्स नेमरॉफ हे त्या नियतकालिकाचे संपादकही होते. त्यांना संपादकपद सोडावं लागलं. २००७ मध्ये सरकारी विमा योजना मेडिकेअरने नैराश्यासाठी या यंत्राचा खर्च द्यायला नकार दिला. सगळे इलाज थकलेल्या रुग्णांच्या वाट्याला परवानगी असलेलं, पण न परवडणारं यंत्र आलं. कंपनीच्या घाईने सर्वांत मोठं नुकसान केलं ते याच माणसांचं.

२०१७ मध्ये ७९५ रुग्णांच्या पाच वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. यंत्र बसवलेल्यांपैकी सुमारे ६८ टक्क्यांना कधी ना कधी स्पष्ट गुण आला होता, नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांत ४१ टक्क्यांना. पण ही चिठ्ठ्या टाकून केलेली विभागणी नव्हती. म्हणून २०१९ मध्ये मेडिकेअरने नवी अट घातली: पक्की चाचणी करा, तिच्यातल्या रुग्णांचा खर्च आम्ही देतो. ‘रिकव्हर’ नावाच्या त्या चाचणीत नैराश्याचे ४९३ रुग्ण होते. त्यांच्यावर आधी सरासरी १३ उपचार फसले होते. एका वर्षानंतरचे निकाल २०२४च्या अखेरीस छापून आले. मुख्य कसोटीवर चालू आणि बंद यंत्रांतला फरक पुन्हा सिद्ध झाला नाही, कारण बंद यंत्रवालेही बरेच सुधारले होते. दुय्यम कसोट्यांपैकी काहींवर चालू यंत्र सरस ठरलं. या नसेच्या बाजूने आजवरचा पुरावा एवढाच आहे. तो टाकाऊ नाही आणि निर्णायकही नाही.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. इथे वाद नव्या यंत्राचा नव्हता, जुन्या धक्क्याचा होता. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका खासगी आसऱ्याला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्याच वर्षी ‘सार्थक’ संस्थेच्या याचिकेने भूल न देता दिल्या जाणाऱ्या शॉकचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. २००३ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकात यावर चांगलीच जुंपली. बंगळुरूचे डॉ. चित्तरंजन अँड्राडे यांचं म्हणणं, की जिथे भूलतज्ज्ञच मिळत नाही तिथे काहीच न देण्यापेक्षा निवडक रुग्णांना साधा शॉक दिलेला बरा. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठणकावून सांगितलं, की भूल न देता शॉक देणं अनैतिकच आहे. दावर यांनी संस्थेला नाव दिलं होतं ते मनोरुग्णालयाची कोंडी सोसलेल्या आपल्या आईचं.

दावर यांची बाजू कायद्यात उतरली. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. त्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देण्यावर बंदी घातली. मेंदूवरच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची परवानगी, दोन्ही सक्तीचं केलं. रोममधल्या त्या पहिल्या रुग्णाचा डावललेला नकार भरून काढायला कायद्याला ऐंशी वर्षं लागली. परवानगीची ही अट नुसती कागदोपत्री राहिली नाही, हे मुंबईत दिसलं. २०२३ मध्ये जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांच्या पथकाने वर्षानुवर्षं नैराश्याने ग्रासलेल्या, ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एका महिलेच्या मेंदूत खोलवर तारा बसवल्या. त्याआधी मंडळाच्या परवानगीसाठी अनेक महिने थांबावं लागलं होतं. कवटीबाहेरून चुंबकीय स्पंदनं देणारा, शस्त्रक्रिया न लागणारा उपचारही आता मुंबई-पुण्यात मिळतो.

व्हेगसचं नाव मात्र हल्ली भलत्याच मार्गाने घरोघरी पोचलं आहे. लांब श्वास घ्या, ओंकार म्हणा, गार पाणी तोंडावर मारा, व्हेगस जागी होईल आणि नैराश्य जाईल, असे संदेश मोबाइलवर फिरतात. यामागे थोडं सत्य आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००० साली ४५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात शॉकने ९३ टक्के, इमिप्रामिनने ७३ टक्के आणि सुदर्शन क्रिया या श्वसनपद्धतीने ६७ टक्के रुग्ण सावरले होते. श्वसनाचा आकडा दुर्लक्षावा असा नाही, पण तो इस्पितळात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळालेला आहे आणि शॉकच्या खालीच आहे. ज्याला जगणं नकोसं झालंय त्याला प्राणायामाचा व्हिडिओ पाठवून मोकळं होणं हा धोका आहे.

रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात आज ३६५ मंजूर खाटा आहेत. राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांत ते सर्वांत लहान. आरे-वारेच्या वळणावरून ते दहा-पंधरा किलोमीटरवर आहे आणि खाडीवर पूल झाल्याला बरीच वर्षं झाली. तरीही २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत कुठलाच उपचार पोचत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ने कोकणच्या किनाऱ्यावर नैराश्याची गोष्ट सांगितली, त्याला २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. पडद्यावर जे बोललं गेलं ते किनाऱ्यावरच्या घरांत अजून पुरेसं बोललं जात नाही. मानेत यंत्र बसवावं लागेल असे रुग्ण थोडे आहेत. पहिली गोळी पुरेशा डोसने, पुरेसे आठवडे, कुणीतरी पाठपुरावा करत दिली, तर त्या टोकापर्यंत जावंच लागणार नाही असे रुग्ण कितीतरी जास्त आहेत. इथल्या आरोग्यव्यवस्थेने आधी त्यांच्यापर्यंत जायला हवं.

घरात कुणी अनेक आठवडे गप्प असेल, झोप-भूक गेली असेल, मरणाची भाषा करत असेल, तर वाट पाहू नका आणि लाजू नका. मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखल न होताही तपासून घेता येतं. तिथवर जाणं लगेच जमणार नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही. क्रमांक १४४१६.